ज्ञानूअण्णांच्या वहीतला ओढा

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आटपाडीचं नाव निघालं की मी उठून गॅलरीत जायचो. बायकोच्या ते लक्षात आलं होतं. "तिकडे काय ठेवून आलात?" असं तिने एकदा विचारलंही. मी म्हणालो, "धूळ." ती गेली, आणि तिला मी दिलेलं उत्तर तेवढंच राहिलं.

आता चौऱ्याहत्तर संपत आली. यंदा माघात मी तिकडे जाऊन आलो. दोन रात्री, तीन दिवस. पाहण्यासारखं तिकडे काय आहे असं लोक विचारतात, म्हणून प्रवासाचं लिहितोच आहे. पण गेलो होतो ते पाहायला नाही.

सातारा

माझी नोकरी पाण्याच्या खात्यातली. ओढ्या-नाल्यांचं पाणी मोजायचं आणि कुठे तलाव होईल, कुठे होणार नाही ते कागदावर मांडायचं. त्यासाठी आमच्याकडे तीन गोष्टी असत: नकाशा, जवळच्या पर्जन्यमापकाची नोंद आणि गावकऱ्यांचं तोंड. नकाशावरून ओढ्याला पाणी आणणारं क्षेत्र काढायचं, पावसाच्या नोंदीवरून त्यातलं किती वाहून येईल ते कोष्टकात बघायचं, आणि शेवटी गावात जाऊन दोन म्हाताऱ्यांना विचारायचं, "काय हो, ओढा किती दिवस वाहतो?" अहवालात या शेवटच्या भागाला 'स्थानिक चौकशी' म्हणत. बरेच जण तो कचेरीत बसूनच लिहीत. मी गावात जायचो. त्याचा मला अभिमान होता.

आटपाडी तालुक्यातल्या त्या गावातही गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांना माझ्यामुळे पुरेसा ताप झाला आहे. दुष्काळी मुलखात तलावाची चौकशी करायला माणूस आला की सगळं गाव एका सुरात ओढा दुथडी भरून वाहतो म्हणून सांगतं. तलाव हवा असतो, आणि पाणी कमी सांगितलं तर तो मिळत नाही हे त्यांना ठाऊक असतं. त्या दिवशी एकच माणूस निराळं बोलला. ज्ञानू, वय चाळिशीचं. विटा-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली असतात. जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं, हे त्यांचं काम. ज्ञानूही दक्षिणेत कुठेशी गलाई करून परत आला होता. दुकानातली एक लांबट वही त्याने सोबत आणली होती आणि तिच्यात तो ओढा लिहून ठेवायचा.

ओढ्यात एक म्हसोबाचा दगड होता. ज्ञानूचं माप तोच. 'म्हसोबाचं बुड भिजलं, दोन दिवस.' 'म्हसोबा निम्मा, एक रात्र.' 'म्हसोबा बुडाला, सकाळी उघडा.' आणि पानंच्या पानं, 'म्हसोबा कोरडा.' माझा खलाशी, म्हणजे मोजणीला साखळी धरणारा मदतनीस, बाबू ती वही मोठ्याने वाचत होता आणि मी उतरवून घेत होतो. गावकरी बाजूला उभे राहून ज्ञानूला शिव्या देत होते.

मी हिशेब केला. पाणी तलावापुरतं निघेना. वरच्या साहेबांनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "बसतंय का?" त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी प्रश्न विचारला होता. आकडा बसवला मी. आटपाडीकडचं पर्जन्यमापक सोडलं आणि पश्चिमेकडचं, जास्त पावसाचं धरलं. मग तपासणीत कुणी विचारील, इतक्या लांबचा पाऊस का घेतला, म्हणून त्याला टेकू हवा होता. स्थानिक चौकशीत मी एक ओळ लिहिली: 'ग्रामस्थ ज्ञानू यांनी अनेक वर्षे ठेवलेल्या नोंदवहीवरून ओढा पावसाळाभर अखंड वाहतो असे दिसते.'

तलाव मंजूर झाला. ओढ्याकाठची सहा घरांची जमीन त्यात गेली, त्यातली सगळ्यांत चांगली ज्ञानूच्या धाकट्या भावाची, शंकरची. गावसभेत हरकती निघाल्या तेव्हा कुणी तरी अहवालातली ती ओळ वाचून दाखवली. ज्ञानू ओरडून सांगत राहिला की मी असं बोललो नाही. आमच्यासमोर कोरडा म्हणालास आणि मागून साहेबाला निराळं लिहून दिलंस, असं लोक म्हणाले; सरकारी कागदापुढे त्याचं कोण ऐकणार? शंकरने त्याच दिवसापासून भावाच्या घरचं पाणी सोडलं. तलाव बांधून झाला आणि कोरडा राहिला. मी तोवर कोकणात बदली मागून घेतली होती. हे सगळं मला पुढे बाबूकडून कळलं.

दिवाळीत माझी पुतणी आली. ती पुण्यात पाण्याच्याच कामात आहे. तिने मला एक संकेतस्थळ दाखवलं. नकाशा उघडतो, ओढ्याच्या निळ्या रेषेवर बोट ठेवायचं. वरच्या अंगाची जेवढी जमीन त्या जागी पाणी आणते तेवढी आपोआप रंगते. मग जुन्या पावसाच्या नोंदींवरून तो दोन गोष्टी सांगतो: मोठ्यात मोठा पूर केवढा येऊ शकेल, आणि भरवशाचं पाणी वर्षाला किती मिळेल. आम्हाला जे करायला पंधरा दिवस लागायचे ते चहा निवायच्या आत. आम्ही वाईच्या घाटाशी कृष्णेवर बोट ठेवून पाहिलं, हसलो.

दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर मी एकटाच बसलो आणि आटपाडीकडचा तो ओढा शोधला. पुराचा आकडा माझ्या जुन्या आकड्याच्या जवळपास आला. भरवशाचं पाणी मी लिहिलं होतं त्याच्या निम्मंही नव्हतं. खाली बारीक अक्षरांत सूचना होती: हा अंदाज आहे, जागेवरची जुनी नोंद असेल तर ती आधी पाहावी.

त्यानंतर मला घरात बसवेना. वर्तमानपत्र उघडून मिटायचो, जेवता जेवता उठायचो. दिवसातून पाच-सहा वेळा त्याच जागी बोट ठेवायचो, जणू एखाद्या वेळी पाणी वाढलेलं दिसेल. शेवटी शिरवळला बाबूला फोन लावला. तो आता बाबूतात्या आहे, मुलगा तिथल्या कारखान्यात, त्याच्यापाशी राहतो.

"तात्या, आटपाडीला जायचंय."

"लय उशीर केलासा साहेब. कवा निगायचं?"

विट्याकडे

तात्या सकाळच्या गाडीने शिरवळहून साताऱ्याला आला, आणि स्टँडवर आमचं पहिलं भांडण झालं ते तिकिटावरून. त्याला पंचाहत्तर पुरी झालेली, एसटी फुकट. मला काही महिने कमी, अर्धं तिकीट. "खात्यात तुमी म्होरं, मी मागं," तो वाहकाला ऐकू जाईल असं म्हणाला, "आता बगा, सरकार कुणाला जास्ती मानतंय."

रहिमतपूर सुटेपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. पुसेसावळीच्या पुढे ऊस विरळ होत जातो आणि माळ वर येतो. हा बदल मी शंभर वेळा पाहिलेला; पण या वेळी हातात फोन होता. प्रत्येक पूल आला की मी बोट ठेवायचो. बस हलत होती, बोट सरकत होतं. एकदा बोट ओढ्याच्या रेषेवर न पडता शेजारच्या बांधावर पडलं आणि नकाशाने इवलासा तुकडा रंगवला.

तात्याने चष्मा वर करून बघितलं. "एवढाच? ह्यो तर आमच्या परसाएवढा हाय. ह्येच्यावर तलाव बांधायचा म्हंजे घंगाळच ठेवायचं."

"रेषेवर बोट पडलं नाही रे."

"तवाबी पडलं न्हवतंच की."

मी फोन खिशात घातला. पुढच्या पुलाला परत काढला. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "आजोबा, कसला गेम हाय ह्यो?" तात्या म्हणाला, "लय जुना हाय, मावशी. हरल्यात त्ये, पर सुटत न्हाई."

विट्याला उतरलो तेव्हा फोनची बॅटरी संपलेली आणि आटपाडीची शेवटची सोयीची गाडी आमच्या डोळ्यांदेखत गेलेली. मी स्टँडवर तिच्यामागे चार पावलं पळालोही. या वयात. तात्या पिशवीवर बसून बघत होता.

मुक्काम करावा लागला. खानावळीत अख्खा मसूर, ज्वारीची भाकरी आणि दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी. मसूर इतका तिखट की तात्याच्या डोळ्यांतून पाणी, तरी दोनदा मागून घेतला. खानावळवाल्याचा एक भाऊ मदुरैला, मेहुणा जालंधरला, दोघेही गलाईत. वाढता वाढता तो कुणाशी तरी फोनवर तमिळ बोलत होता. मी त्याला सहज विचारलं, सोनं वितळताना कमी होतं ते गिऱ्हाइकाला कळतं का? तो थांबलाच.

"घट म्हंत्यात तिला. आवं, घट येतीच. मळ जळतो, कमी भरणारच. पर ती सांगायची असती. आदी सांगायची. घट लपवली की गिऱ्हाईक त्या गावात पुन्यांदा आपल्या दुकानाची पायरी चढत न्हाई."

माझं जेवण तिथे संपलं. तात्याने माझ्या ताटातली उरलेली भाकरी घेतली.

मी मूळचा वाईचा. आमच्याकडे पाणी पायऱ्यांत मोजतात. घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या, गणपतीच्या देवळापर्यंत आलं का, अशी भाषा. म्हणजे पाणी आहेच हे धरून ते कुठवर चढलं एवढंच विचारायचं. इकडे विट्याच्या पूर्वेला पाणी दिवसांत मोजतात. ओढा किती दिवस वाहिला, विहीर किती दिवस पुरली, नळ कितव्या दिवशी. मी तिथे नोकरीला आलो तेव्हा वाईची भाषा घेऊन आलो होतो. पण हे कारण म्हणून सांगणार नाही. ज्ञानूने मला दिवसच सांगितले होते आणि मी ते उतरवून घेतले होते.

तलाव

दुसऱ्या दिवशी सकाळी आटपाडी आणि तिथून वडापच्या जीपने गाव. मला दिसायचं होतं ते मी मनात पक्कं करून ठेवलं होतं: कोरडा खड्डा, भेगाळलेला गाळ. बांधावर चढलो आणि पाय थांबले.

तलाव भरलेला होता. निळाभोर, काठोकाठ नव्हे पण भरपूर. पाण्यावर टिटव्या ओरडत होत्या, पलीकडच्या काठाला डाळिंबाच्या बागा. मी तात्याकडे बघितलं.

"आमची कृष्णामाई," तात्या म्हणाला. "उपसून आणलीया. पायपानं."

खरंच, तलावाच्या वरच्या अंगाला एका जाड नळातून पाणी पडत होतं. आमच्याच खोऱ्यातलं पाणी, पंपांनी टप्प्याटप्प्याने डोंगर चढवून इथे आणलेलं. ओढ्याचं पात्र मात्र नळाच्या वर पांढरंफटक होतं. आणि सांडवा, जादा पाणी सुटायची वाट! तो मी मोठ्या पुराच्या हिशेबाने भक्कम काढला होता; तो आकडा प्रामाणिक होता. त्या सांडव्यावरून आजवर पाणी गेलं नसावं. कुणी तरी तिथे तूर वाळत घातली होती.

मला कबूल केलं पाहिजे की त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो सुटकेचा. तलाव भरला. आता कोण विचारतंय त्यात पाणी कुणाचं? परतीची जीप तासाभराने होती.

तूर हलवणारा म्हातारा कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होता. तात्याने हळूच सांगितलं, "शंकर हाय त्यो." मी वळलो, पण त्याने हाक मारलीच.

"कुठलं पावणं?"

"साताऱ्याचे. तलाव बघायला आलो."

"बगा की. पाच एकर मळा हाय आमचा त्येच्या बुडाशी. इहिरीसकट." तो तुरीवरून पाय ओढत म्हणाला. "माज्या सख्ख्या भावानं लिवून दिलं, लय पाणी हाय म्हणून. पंचवीस वर्सं ह्येच्यात गाढवं चरली. आता ह्यो पायप आला, तर पोरं म्हंत्यात, आण्णा बरोबर बोललेलं. शाळेत नारळ दिला त्येला, शाल दिली."

"आणि त्यांनी घेतली?"

"फेकून दिली म्हंत्यात. मला काय ठावं? मी बोलत न्हाई त्येच्याशी."

अण्णांची ओसरी

ज्ञानूअण्णा आता ऐंशीच्या घरात. काटकुळे, ताठ. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, म्हणून त्यांनी मला आवाजावरून ओळखलं, आणि ओळखल्यावर जे केलं त्याची मी तयारी केलेली नव्हती. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"साहेब! आवं, तुमी! सुनंदा, आगं, वहीवालं सायब आलं! पाणी आण, च्या टाक. न्हाई, जेवायचंच कर."

सुनंदा त्यांची सून. मुलगा बेंगळुरात गलाईला, ती शेत बघते. तिने बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि डाळिंबाचे दाणे घातलेला कांदा असं वाढलं. कांद्यात डाळिंब मी पहिल्यांदाच खाल्लं. घरचंच डाळिंब, कृष्णेच्या पाण्यावरचं. मी तिला चांगलं लागतंय म्हणालो.

अण्णा जेवले नाहीत. बोलत होते.

"ह्या गावात माजं एका मानसानं न्हाई ऐकलं. आदी शिव्या घातल्या, का तर म्हणं पाणी हाय असं मी सांगितलं. आता हार घालत्यात, का तर पाणी हाय असं मी सांगितलं! म्या कवा सांगितलं? दोन्ही टायमाला त्याच खोट्यासाटी. मी म्हनलं हेडमास्तरला, गुरुजी, ही शाल खोट्या सोन्याची हाय, न्या तुमची." ते थांबले. "एक तुमीच वही बगितली. तुमी लिवून घेतलंसा. तुमच्या कागदात खरंच असनार, मला म्हाईत हाय. वरच्या सायबानं बदाललं आसंल. तुमी बदलीवर गेलासा न्हाईतर तुमीच हुबं राहून सांगितलं असतंसा. व्हय का न्हाई?"

ताटातल्या माडग्यावर साय धरत होती. तात्या माझ्याकडे बघत नव्हता. भाकरीचा तुकडा हातात घेऊन उंबऱ्याकडे बघत होता.

मी पिशवी जवळ ओढली. तीत दोन गोष्टी होत्या. एक, संकेतस्थळावरून छापून आणलेलं त्या ओढ्याचं पान. दुसरी, माझ्या अहवालाची कार्बनची प्रत, निळसर, माझ्या सहीची. मी पहिली काढली. सुनंदाला वाचायला दिली आणि अण्णांना समजावून सांगितलं: आता यंत्रावर ओढ्याचं पाणी काढता येतं; यंत्र म्हणतं, ओढ्याला पाणी फार थोडं आहे. तुमच्या वहीसारखंच.

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "यंत्राला बी म्हसोबा दिसतो म्हना की!" मग त्यांनी तो कागद हाताने चाचपला, कडा जुळवून घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवला. "आन तुमी तवा किती धरलं हुतंसा साहेब? तुमच्या कागदात?"

हाच तो क्षण होता. यासाठीच मी साताऱ्याहून निघालो होतो.

मी म्हणालो, "आता आठवत नाही, अण्णा."

"कागद आसंल की कचेरीत. एकदा येऊन वाचून दाखवा शंकऱ्याला. मी गेलो तरी चालंल, पर त्येला कळाय पायजे."

"जुने कागद सापडायचे नाहीत," मी म्हणालो. कागद माझ्या मांडीला टेकलेल्या पिशवीत होता.

त्यांनी मान हलवली. "असूंद्या. तुमी आलासा, बास."

बाहेर चूळ भरताना तात्या म्हणाला, "साहेब, घट सांगायची असती म्हनं. आदी."

"उद्या सांगतो."

"मला नगा सांगू. मला म्हाईतच हाय."

अण्णांनी जाऊ दिलं नाही, त्यांच्याच ओसरीवर मुक्काम झाला. संध्याकाळी त्यांनी मला वही दाखवली. अजून लिहितात, आता अक्षर ओळ सोडून खाली घसरतं, म्हणून सुनंदा ओळ धरून देते. शेवटची नोंद होती: 'पायपाचं पाणी. म्हसोबा तळ्यात बुडाला. ओढा कोरडा.' पाणी भरपूर दिसत असतानाही त्यांनी ओढा कोरडाच लिहिला होता.

तिसरा दिवस

सकाळी अण्णा उठायच्या आत मी बांधावर गेलो. शंकर तूर भरत होता. आडपडदा न ठेवता मी त्याला सांगितलं मी कोण, आणि ती ओळ कुणी लिहिली. कार्बनची प्रत पुढे केली. त्याने ती घेतली, वाचली. सावकाश, ओठ हलवत. माझ्या सहीवर अंगठा ठेवून बराच वेळ उभा राहिला.

मला वाटलं तो मारील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"ह्यो तुमचा हात?"

"हो."

"आन त्येनं काय सांगितलं हुतं?"

"बुड भिजलं, दोन दिवस. बाकी कोरडा."

शंकर खाली बसला, तुरीच्या पोत्यावर. "म्या त्येच्या हातचं पाणी घेतलं न्हाई," तो म्हणाला. "वैनी मेली तवा खांदा न्हाई दिला." मग एकदम माझ्यावर उखडला. "मला कशापायी सांगतासा? माजा मळा बुडला, त्येचं मी बगीन. त्येला सांगितलंसा का?"

"नाही."

"मग हितं काय करतासा? जावा!"

"तुम्ही सांगाल का त्यांना? कागद तुमच्याकडे—"

"मी न्हाई सांगनार." त्याने कागद घडी करून टोपीत ठेवला. "ती तुमी लिवलेली वळ हाय. तुमी तोंडानं सांगायची."

मी परतलो तेव्हा अण्णा निघायच्या तयारीने बसले होते. मला फाट्यापर्यंत पोचवायला येणार होते, दिसत नसताना. एका पिशवीत डाळिंबं, एकीत हुलगे. वाटेत त्यांनी माझा दंड धरला होता. फाटा तिथून अर्धा मैल. अर्ध्या मैलात माणूस किती बोलू शकतो! मी त्यांना साताऱ्याच्या पावसाचं सांगितलं. गुडघ्यांचं सांगितलं. संकेतस्थळ कसं चालतं ते पुन्हा सांगितलं. तात्या दहा पावलं मागे, मुद्दाम. मी दोनदा "अण्णा," म्हणालो. दोन्ही वेळा ते "जी," म्हणून थांबले, तोंड माझ्या बाजूला करून. पहिल्यांदा मी विचारलं, डोळ्यांचं ऑपरेशन का करत नाही? दुसऱ्यांदा म्हणालो, जीप आली वाटतं.

जीप आली नव्हती. ती आणखी वीस मिनिटांनी आली. त्या वीस मिनिटांत आम्ही तिघे एका दगडावर बसून होतो.

परतीचं लिहिण्यासारखं काही नाही. तात्या विट्यापर्यंत माझ्याशी बोलला नाही, आणि पुढे बोलला तो जेवणाचं. साताऱ्याला उतरताना त्याने हुलग्याची पिशवी माझ्या हातात दिली आणि डाळिंबाची स्वतःकडे ठेवली.

आठवड्याने सुनंदाचा फोन आला. शंकरकाका घरी आले होते, आपणहून. ओसरीवर बसले, चहा घेतला, एक शब्द बोलले नाहीत, आणि आता रोज येतात. अण्णा विचारतात, ह्याला झालं काय? फाल्गुनात शंकरने स्वतः फोन केला. "येताय न्हवं?" मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात. चैत्रात पुन्हा केला. ऊन उतरू दे म्हणालो. "फोनवर सांगा मग. देऊ का त्येच्याकडं?" तो म्हणाला. मी म्हणालो, अशी गोष्ट फोनवर बरी दिसत नाही.

वैशाखात अण्णा गेले. शंकरने खांदा दिला. तेराव्यानंतर त्याने मला फोन केला तो एवढंच सांगायला: "म्या त्येला सांगितलं न्हाई. तुमच्यासाटी ठिवलं हुतं."

तर जे फाट्यावरच्या दगडावर, त्या वीस मिनिटांत सांगायचं होतं, ते असं:

अण्णा, ती ओळ वरच्या साहेबांनी बदलली नाही. ती मीच लिहिली. तुम्ही सांगितलेले दिवस माझ्यासमोर होते, माझ्याच अक्षरात, आणि ते खरे आहेत हे मला ठाऊक होतं. तुमच्यावर लोक विश्वास ठेवतील म्हणूनच मी तुमचं नाव घातलं. तुमचा भाऊ तोडला तो मी. तुम्ही माझे हात धरलेत तेव्हाही मी गप्प राहिलो. चूक झाली असं म्हणणार नाही. मी ते जाणूनबुजून केलं. मला माफ करा.